डोक्यावर टॅक्स?

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे आणि विषय कायद्याचा. दोन्हीकडे चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं, की कॅन्टीनमध्ये लोकलच्या गर्दीवर बोलणं चाललं होतं. आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणाला, "बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या प्रत्येकाकडून पाचशे रुपये एन्ट्री टॅक्स घ्या, गर्दी आपोआप कमी होईल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

मी आरे कॉलनीत राहते. आमच्याकडे दूध घालणारे चाचा तबेल्यात काम करतात, मूळचे जौनपूरचे. दुसऱ्या दिवशी त्यांना सहज विचारलं, असा टॅक्स असता तर आला असतात का? ते हसले. "मालिक से उधार लेके आता, बेटा. पहले वो चुकाता, फिर घर पैसा भेजता." म्हणजे गर्दी तेवढीच राहिली असती, फक्त गरिबाच्या डोक्यावर कर्ज चढलं असतं. माझी टाळी मला जरा टोचली आणि मी लायब्ररीत गेले.

असा टॅक्स खरंच होता, अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्य परदेशातून येणाऱ्या जहाजावर माणशी पैसे घ्यायचं, खालच्या वर्गाच्या प्रवाशामागे एक डॉलर. मॅसॅच्युसेट्स दोन डॉलर घ्यायचं. 1849 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी दोन्ही कर रद्द केले. 1868 मध्ये नेवाडाचा उलटा कर गेला. तो राज्याबाहेर जाणाऱ्यावर होता! 1884 मध्ये मात्र केंद्राने लावलेला माणशी पन्नास सेंटचा कर कोर्टाने मान्य केला.

आता आपली घटना. मला वाटलं होतं, राज्याला असा अधिकारच नसेल. पण सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत नोंद 61 चक्क 'कॅपिटेशन टॅक्स', म्हणजे डोईपट्टी. ('कॅपुट' म्हणजे लॅटिनमध्ये डोकं. आपल्याला कॅपिटेशन फी चांगलीच माहीत आहे.) मग अडतं कुठे? आंतरराज्य स्थलांतर हा विषय केंद्र सूचीत आहे, नोंद 81. कलम 19 प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही फिरायचा आणि स्थायिक व्हायचा हक्क देतं. कलम 14 समानता देतं आणि कलम 301 व्यापारासोबत लोकांचं येणं-जाणंही मोकळं ठेवतं. डोईपट्टी सगळ्यांवर सारखी लावणं वेगळं, आणि फक्त 'तू बाहेरून आलास' म्हणून लावणं वेगळं. दुसरी कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही.

मुंबईत जकात होती ना, असं कोणी म्हणेल. होती, जीएसटी आल्यावर 1 जुलै 2017 ला बंद झाली. पण ती मालावर होती. आमच्या आरेच्या रस्त्यावर पूर्वी टोल होता, तो गाडीवर. चालत येणाऱ्याला कोणी अडवत नव्हतं. प्रोफेशन टॅक्स माणसावर आहे, पण कलम 276 प्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपये, आणि तो जौनपूर की चिपळूण असं विचारत नाही.

एक केस मात्र माझ्या विरोधात जाते. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात मध्य भारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी घेत. दिल्लीचा डी. पी. जोशी नावाचा विद्यार्थी कोर्टात गेला. 1955 साली तो हरला. कलम 15 मध्ये 'जन्मस्थान' आहे, 'रहिवास' नाही, असं बहुमत म्हणालं. राज्य पैसे खर्चून कॉलेज चालवतं, तर आपल्या रहिवाशांना सवलत देऊ शकतं. मला हे पूर्ण पटत नाही, पण फरक कळतो. तिथे फी कॉलेजच्या सीटची होती, नुसतं येण्याची नव्हती.

आणखी एक. कलम 19(5) मध्ये या हक्कावर वाजवी बंधन घालायची दोनच कारणं आहेत: सामान्य जनतेचं हित आणि अनुसूचित जमातींच्या हिताचं रक्षण. आरेत पाड्यांवरचे वारली आपल्या आधीपासून आहेत. आमचं घराणं चिपळूणचं, म्हणजे त्यांच्या हिशेबाने आम्ही आणि चाचा एकाच रांगेत.

हे सगळं मी कॅन्टीनमध्ये सांगितलं. तो मित्र म्हणाला, "मग टॅक्स नको म्हणू. रजिस्ट्रेशन म्हणू." मी त्याला 1876 ची केस सांगितली. न्यूयॉर्कने हेच केलं होतं: प्रत्येक प्रवाशामागे तीनशे डॉलरची हमी द्या, नाहीतर दीड डॉलर भरा. कोर्ट म्हणालं, नाव काहीही द्या, हा टॅक्सच आहे.

त्याला अजून पटलेलं नाही. चहाचे पैसे मात्र त्यानेच दिले.