सिगारची पारख : माल बारीक, काम अवघड

तंबाखू शरीरास घातक आहे आणि अनेक उलमा ती नाजायज मानतात. तरीही हाताच्या मालाची किंमत कशावर ठरते, हे धंदेवाईकाने या मालावरून शिकण्यासारखे आहे.

क्यूबाची कोहिबा लॅन्सेरो ही सिगार १९२ मिलिमीटर लांब व जेमतेम १५ मिलिमीटर जाड असते. जाड सिगारमध्ये आतल्या पानांचा भरणा जास्त. बारीक सिगारमध्ये त्या मानाने बाहेर गुंडाळलेल्या पानाचा वाटा मोठा. म्हणून चव बरीचशी त्या पानावर अवलंबून असते.

जाणकार प्रथम बोटांनी चाचपतो. गाठ किंवा पोकळी लागता कामा नये. मग न पेटवता हवा ओढून पाहतो. वळण घट्ट असेल तर धूर येत नाही. सैल असेल तर सिगार तापून कडवट लागते. पेटवल्यावर मिनिटाला साधारण एक झुरका. धूर छातीत न घेता तोंडात घोळवून सुरुवातीचा, मधला व शेवटचा स्वाद ताडून पाहतो. अर्थात, धूर तोंडातच ठेवला तरी कर्करोगाचा धोका टळत नाही.

हवानाच्या एल लागितो कारखान्यात हे काम बायकांना शिकवले गेले. अवघड आकार तिथे निष्णात हातांकडेच जातो. आपल्याकडे सोलापूर, सिन्नरच्या विडी कामगार बायांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. अत्तर असो, जरीकाम असो वा चप्पल, हुन्नर शिकवून त्याची वेगळी मजुरी देणाऱ्याच्याच मालाला भाव येतो.