सहा लोहमार्गांचें बारसें

विद्यार्थिमित्रहो, अशी कल्पना करा कीं, एका वर्गांत सहा मुलें आहेत आणि सहाही जणांचें नांव एकच आहे. गुरुजींनीं हजेरी घेतांना तें नांव उच्चारलें कीं सहाही मुलें "हजर" म्हणून ओरडतील. आणि त्यांतील एक आजारी पडल्याचा निरोप आला, तर सहा घरचीं आईबापें घाबरीं होतील! लंडन शहरांतील सहा लोहमार्गांची स्थिति कित्येक वर्षें अशीच होती. इ. स. २०२४ मध्यें त्यांचें बारसें झालें. त्या बारशाची हकीकत हाच आमच्या आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. जगांतील पहिली भुयारी आगगाडी लंडन येथें १८६३ सालच्या जानेवारींत सुरू झाली. पुढें अशा मार्गांचें जाळें वाढत गेलें आणि प्रत्येक मार्गास स्वतःचें नांव व नकाशावर स्वतःचा रंग मिळाला. हॅरी बेक नांवाच्या आरेखकानें काढलेला सुटसुटीत नकाशा १९३३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत अंतरांच्या तंतोतंतपणापेक्षां मार्ग चटकन् ओळखूं येण्यास अधिक महत्त्व दिलेलें होतें.

मग २००७ सालच्या नोव्हेंबरांत शहराच्या वाहतूक खात्यानें जमिनीवरून धांवणारे कांहीं जुने उपनगरी मार्ग आपल्या हातीं घेतले व त्यांस 'लंडन ओव्हरग्राउंड' असें नांव दिलें. हळूहळू असे सहा मार्ग झाले. परंतु नांव एकच राहिलें व नकाशावरील रंगही एकच, नारिंगी. एका मार्गावर गाड्यांचा खोळंबा झाला कीं 'ओव्हरग्राउंडवर खोळंबा' अशी घोषणा होई आणि ज्यांचा त्या मार्गाशीं कांहींएक संबंध नाहीं, असे उतारूही बुचकळ्यांत पडत. शेवटीं १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं महापौर सादिक खान यांनीं सहा नवीं नांवें जाहीर केलीं, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून तीं पाट्यांवर व नकाशांवर झळकूं लागलीं. या कामाचा खर्च त्रेसष्ट लक्ष पौंड ठरविला होता.

आतां एकेका नांवाचा अर्थ पाहूं. यूस्टनहून वॅटफर्डकडे जाणारा मार्ग 'लायनेस' म्हणजे सिंहीण झाला. तो वेम्ब्ली भागांतून जातो, आणि तेथील क्रीडांगणावर २०२२ सालीं इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघानें युरोपचें अजिंक्यपद मिळविलें. त्या संघास लोक कौतुकानें सिंहिणी म्हणतात. बार्किंगकडील मार्गास 'सफ्रजेट' हें नांव मिळालें. मताच्या हक्कासाठीं झगडणाऱ्या स्त्रियांना ही संज्ञा होती. १९१८ सालीं तो हक्क कांहीं स्त्रियांस मिळाला व १९२८ सालीं पुरुषांच्या बरोबरीनें मिळाला. लिव्हरपूल स्ट्रीटहून निघणारा मार्ग 'वीव्हर' म्हणजे विणकर होय; कारण त्या बाजूच्या वस्त्यांत धर्मच्छळामुळें फ्रान्स सोडून आलेल्या ह्यूगनॉट लोकांनीं रेशमी वस्त्रें विणलीं. रॉमफर्ड ते अपमिन्स्टर हा अवघ्या तीन स्थानकांचा मार्ग 'लिबर्टी' ठरला. तेथील हॅव्हरिंग प्रांतास १४६५ सालीं राजानें विशेष स्वायत्ततेची सनद दिली होती.

राहिलीं दोन नांवें. त्यांवर आपण थोडें थांबूं. स्ट्रॅटफर्डहून पश्चिमेस जाणाऱ्या मार्गाचें नांव 'मिल्डमे' असें आहे. हें पूर्व लंडनमधील एका लहानशा रुग्णालयाचें नांव होय. १८६६ सालीं पटकीची सांथ आली तेव्हां कांहीं ख्रिस्ती सेविका गलिच्छ वस्त्यांत शिरून रोग्यांची शुश्रूषा करूं लागल्या. त्यांच्या सेवेंतून हें रुग्णालय उभें राहिलें. पुढें १९८८ पासून तेथें एड्सच्या रोग्यांस आसरा मिळाला. आणि तो काळ असा होता कीं, अशा रोग्याच्या हातास हात लावण्यासही लोक भीत असत.

दुसरें नांव 'विंडरश'. २२ जून १९४८ रोजीं 'एम्पायर विंडरश' या आगबोटीतून वेस्ट इंडीज बेटांतील शेंकडों लोक टिलबरी बंदरांत उतरले. महायुद्धानें खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनमध्यें त्यांनीं व त्यांच्या मागून आलेल्यांनीं रुग्णालयें, आगगाड्या व बसगाड्या चालविल्या. तथापि २०१८ सालीं असें उघडकीस आलें कीं, त्यांतील अनेकांस, कागदपत्रें नाहींत या सबबीवर, नोकरीस व औषधोपचारास मुकावें लागलें होतें आणि कित्येकांस देशाबाहेरही घालविलें गेलें होतें. सरकारनें पुढें क्षमा मागितली. म्हणून आम्ही म्हणतों, नांव देणें म्हणजे ऋण फेडणें नव्हे. ऋण आहे, एवढी कबुली मात्र नांवानें होते.

या नामकरणावर आक्षेपही आले. इतका पैसा गाड्यांवर कां खर्च केला नाहीं, असें कोणी विचारलें; या नांवांवरून गाडी कोठें जाते हें कळत नाहीं, असें कोणी म्हटलें. दुसरा आक्षेप खरा आहे; पण तो जुन्या नांवांसही लागू पडतो. बेकर स्ट्रीट व वॉटर्लू यांची सांगड घालून झालेलें 'बेकरलू' हें नांव मार्ग सांगतें. 'व्हिक्टोरिया' किंवा 'ज्युबिली' हीं नांवें सांगत नाहींत. तरी उतारू चुकत नाहींत, कारण नांवाचें पहिलें काम एकास दुसऱ्यापासून निराळें करणें हें होय. तें काम या सहा नांवांनीं व सहा रंगांनीं साधतें. पैशाचा आक्षेप मात्र अधिक विचार करण्याजोगा आहे. हीं नांवें केवळ पाट्यांवरच राहिलीं, तर तो खर्च महाग पडला असें म्हणावें लागेल. एखाद्या मुलानें आईस "मिल्डमे म्हणजे काय ग?" असें विचारलें आणि आईला उत्तर देतां आलें, तर तो वाया गेला असें आम्हांस वाटत नाहीं.

हा प्रश्न आपल्याही दारचा आहे. मुंबईचें चर्चगेट स्थानक कोणास ठाऊक नाहीं? जुन्या कोटाच्या ज्या वेशींतून सेंट थॉमसच्या देवळाकडे वाट जाई, त्या वेशीचें तें नांव. कोट पाडला गेला, वेस गेली, नांव उरलें. रोज लक्षावधि लोक तेथें उतरतात. त्यांतील किती जण ती वेस कोठें होती असें विचारीत असतील?

तेव्हां मुलांनो, येत्या सुटींत एवढेंच करा. तुमच्या घराजवळील स्थानकाचें, गल्लीचें किंवा पुलाचें नांव घ्या, घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ जाऊन बसा व तें नांव कोणाचें आणि कां पडलें, हें विचारून वहींत लिहून आणा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, उत्तर ठाऊक नसल्यास मुलास गप्प करूं नये. त्याच्याबरोबर आपणही तें शोधावें.