सकाळी गोळी, रात्री गांजा

माझा भाचा सलालाहला नोकरीसाठी निघाला होता. म्हणाला, "मावशी, छाती धडधडते." त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आजार. सकाळी मिथाइलफेनिडेटची गोळी, रात्री गांजा. डॉक्टरांना गांजाचे सांगितलेच नव्हते.

दोन्हींनी नाडीचे ठोके वाढतात. गांजाने लक्ष, स्मरणशक्ती मंदावते. मग गोळीच कमी पडते असे वाटते.

मी म्हटले, "डॉक्टरांना खरे सांग. गोळी मनाने बंद करू नकोस."

गांजा सोडल्यावर आठवडा-दोन आठवडे झोप बिघडते, चिडचिड होते, मग ओसरते. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडे सापडतो, आणि ओमानमध्ये गांजा हा गुन्हा आहे. ही गोळीही नियंत्रित औषध. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा, तिथले नियम निघण्यापूर्वी विचारा.

छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच इस्पितळ गाठा. लाजू नका, आम्ही नर्सेसनी याहून अवघड गोष्टी ऐकल्या आहेत.