परभाषेतील अवघड आणि सोपे

सीमाभागातील व परप्रांतातील मराठी शाळांतून एकाच वर्गात दोन-तीन मातृभाषांची मुले बसतात. एखादा उच्चार एकास सहज साधतो, तर दुसऱ्यास वर्ष उलटले तरी साधत नाही, आणि त्याचे खापर बहुधा मुलाच्या आळसावर फुटते. या प्रश्नावर भाषाविज्ञानातील 'चिन्हितते'चा विचार बराच प्रकाश टाकतो.

या विचाराचा उगम प्राग येथील भाषाशास्त्रज्ञांच्या मंडळात झाला. निकोलाय त्रुबेत्स्कॉय व रोमान याकबसन यांनी १९३० च्या सुमारास असे दाखविले की, भाषेतील जोड्यांची दोन्ही अंगे सारख्या तोलाची नसतात. एक अंग साधे, म्हणजे अचिन्हित असते. दुसऱ्यावर विशेषाची खूण असते, ते चिन्हित होय. विहीर उथळ असली तरी आपण 'किती खोल आहे?' असेच विचारतो. 'किती उथळ आहे?' असे कोणी विचारले, तर त्याच्या मनात काही शंका आहे, हे ऐकणारा ताडतो.

पुढे जगातील अनेक भाषा ताडून पाहता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ज्या भाषेत द्विवचन आहे तीत अनेकवचन असतेच. पण अनेकवचन असले म्हणजे द्विवचन असतेच असे नाही. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली हा नियम मांडला. त्या अर्थी द्विवचन अधिक चिन्हित ठरते. संस्कृतातील द्विवचन प्राकृतात लोपले, मराठीत ते आलेच नाही, आणि संस्कृत शिकू लागलेल्या आपल्या मुलांची पहिली झटापट होते तीही त्याच्याशीच.

दोन भाषांत जेथे भेद तेथे अडचण, असे पूर्वी मानीत. रॉबर्ट लाडो यांच्या १९५७ च्या ग्रंथाने हे मत रूढ केले. परंतु भेद दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, अडचण मात्र तशी नसते. जर्मन भाषेत शब्दाच्या अंती ग, ड, ब यांचे क, ट, प होतात. 'चाक' व 'सल्ला' या अर्थांचे दोन शब्द लेखनात भिन्न, पण उच्चारात दोन्ही 'राट'. त्यामुळे जर्मन माणूस इंग्रजी बोलताना 'डॉग'चे 'डॉक' करतो. उलट, इंग्रज माणसास जर्मन भाषेची ही लकब उचलणे फारसे जड जात नाही. फ्रेड एकमन यांनी १९७७ मध्ये याची उपपत्ती दिली: परभाषेतील जी गोष्ट मातृभाषेहून भिन्न आणि शिवाय अधिक चिन्हित असते, तीच कठीण जाते. नाक आणि नाग यांत कधी गल्लत न करणाऱ्या आपणांस ही जर्मन अडचण चमत्कारिकच वाटावी!

आपल्या वर्गातील उदाहरण 'ळ'चे. 'ळ' असलेल्या भाषेत साधा 'ल' सहसा असतोच. 'ल' असलेल्या असंख्य भाषांत मात्र 'ळ' नाही. प्रमाण हिंदीत तो नाही. म्हणून हिंदीभाषी मूल 'काळ'ऐवजी 'काल' म्हणते व अर्थच पालटतो. कन्नड, कोकणी वा गुजराती मुलास ही अडचण नाही, कारण 'ळ' त्याच्या घरचाच. मराठी मुलास हिंदी बोलताना 'ळ' सोडून देण्यास काहीच श्रम पडत नाहीत. तेव्हा हिंदीभाषी मुलांकडून काल-काळ, मूल-मूळ अशा जोड्या आधी कानाने ओळखून घ्याव्यात. उच्चाराचे गुण कापण्याची घाई करू नये.

सर्वच अडचणी मात्र या किल्लीने उघडत नाहीत. 'पुस्तक' हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी. तो भेद पाठच करावा लागतो.