सगळ्या घराला एकच मळकट हिरवा? लाव की गं!

तर तुझं ठरलं म्हणायचं. हॉल, मधली खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली, सगळीकडे तोच एक राखाडीकडे झुकलेला हिरवा. आणि ठरलं त्या दिवसापासून तुझी झोप उडालीय. सासूबाई म्हणतात मळकट दिसेल, नणंद म्हणते दवाखाना वाटेल, पेंटर म्हणतो, "ताई, हा रंग उठत नाही, जरा ब्राइट घ्या." आणि नवरा म्हणतो, "तुला हवं ते कर." हे तर सगळ्यात वाईट, कारण उद्या काही बिघडलं की 'तुलाच हवं होतं' ऐकायची सोय झाली. बस जरा. चहा घे आधी. खरं सांगू का, तू निवडलंस ते चांगलंच निवडलंस. आता फक्त शेडकार्ड मिटव आणि तुझ्या घरातल्या उजेडाकडे बघ. तुझी खरी गाठ रंगाशी नाही, उजेडाशी आहे.

आधी त्या दवाखान्याचं निकालात काढू, म्हणजे नणंदेचं तोंड बंद. दवाखान्यात हिरवा कुठून आला माहितीय? 1914 साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॅरी शर्मन नावाच्या सर्जननं आपली ऑपरेशनची खोली हिरवी करून घेतली. तोवर सगळं पांढरंशुभ्र असायचं. लाल रक्ताकडे टक लावून काम करायचं आणि मान वर केली की पांढरी भिंत डोळ्यांवर यायची, नजर स्थिरच होईना. लालाच्या समोरचा रंग हिरवा, म्हणून त्यानं तो घेतला. तूही हे अनुभवलंयस बघ. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर लालभडक रास बघत उभं राहायचं आणि मग एकदम पांढऱ्या कपड्याकडे बघायचं, डोळ्यांपुढे हिरवट डाग तरंगतो की नाही? तेच ते. म्हणजे दवाखान्यानं हा रंग घेतला तो डोळ्यांना विसावा म्हणून. आता घराला दवाखान्याची कळा कशानं येते, तेही ऐक. अर्ध्या भिंतीपर्यंत चकचकीत ऑईलपेंट, वर पांढरी पट्टी आणि डोक्यावर पांढरीफटक ट्यूब. हे तिन्ही टाळ. भिंतीला बिनचमकीचं इमल्शन घे, भिंत वरपर्यंत एकाच रंगात जाऊ दे, आणि हॉलमध्ये ट्यूबच्या जोडीला एक पिवळसर उजेडाचा दिवा लाव. मग कुणी तुला 'डॉक्टर आहेत का' विचारलं तर मला सांग.

आणखी एक कुजबुज कानावर येईल, तीही सांगून ठेवते. कुणीतरी हळूच म्हणेल, "हिरवा? तो तर त्यांचा रंग." अशा वेळी वाद घालत बसू नकोस. बोलणारीच्या हातातल्या चुड्याकडे बघायचं आणि हसायचं. हिरव्या चुड्याशिवाय आपल्याकडे लग्न लागत नाही, डोहाळजेवणाला हिरवीच साडी, देवीच्या ओटीला हिरवा खण. भिंतीनंच काय घोडं मारलंय?

आणि हा विटका हिरवा काही परदेशी मासिकातून उचललेला नाही बरं का. अजिंठ्याला गेली होतीस ना शाळेच्या सहलीत? तिथल्या चित्रांत जो मऊ, धुरकट हिरवा आहे तो हिरव्या मातीचा. आपल्या दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये ही माती सापडते, तीच दळून चित्रकारांनी वापरली. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, तो लांबून आणावा लागायचा. दीड हजार वर्षं झाली तरी तो हिरवा डोळ्यांत घुसत नाही. आपल्या प्रकाशा गावच्या टेकाडावर 1955 साली पुरातत्त्ववाल्यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातली खापरं निघाली, लाल भांड्यांवर काळी नक्षी काढलेली. म्हणजे लाल, काळा, हिरवा, सगळे याच मातीतले आणि दगडातले रंग. पेंटर 'उठत नाही' म्हणाला तर त्याला सांग, म्हणूनच घेतलाय. उठून दिसायला घरात माणसं आहेत.

आता मुद्द्याचं. दुकानातल्या शेडकार्डावर रंग दिसतो दोन बोटांचा, आणि चार भिंतींना लागला की तोच दुप्पट गडद आणि दुप्पट हिरवा होतो. कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात गं, हिरव्याचा हिरव्यावर उजेड पडतो. म्हणून तुला जो आवडला त्याच्याहून एक पायरी फिका आणि एक पायरी राखाडी घे. माझ्या पहिल्या घरचा पोपटी हॉल आठवतो ना? बारशाच्या फोटोत सगळे पाहुणे कावीळ झाल्यासारखे दिसतात, अजून चिडवतात मला. तुला छटा कशी हवी ते दुकानदाराला सांगता येत नसेल तर केळीचं पान घेऊन जा आणि त्याची मागची बाजू दाखव, ती पांढरट पूड धरलेली. तेवढाच हिरवा पुरे.

शेड नक्की करायच्या आधी छोटा डबा आणून हात-दीड हाताचा चौकोन रंगव. भिंतीवर नको, जाड पुठ्ठ्यावर, दोन हात देऊन. मग तो पुठ्ठा घरभर फिरव. सकाळी पुढच्या ओसरीत, दुपारी मधल्या खोलीत, चार वाजता पश्चिमेच्या भिंतीला, रात्री ट्यूबखाली. एकच पुठ्ठा चार रंगांचा दिसेल आणि तू घाबरून मला फोन करशील. करू नकोस, ते तसंच असतं. उत्तरेकडून येणारा उजेड निळसर, त्यात हा रंग राखाडी होतो. संध्याकाळचं ऊन पिवळं, त्यात तो ऑलिव्हकडे जातो. पांढऱ्या ट्यूबखाली थोडा मेलेला वाटतो. चारांपैकी तीन वेळा तुला बरा वाटला तर तो तुझा.

खरी अडचण तुझ्या मधल्या खोलीची आहे. गावठाणातली आपली घरं एकमेकांना चिकटलेली, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या. उजेड यायचा तो पुढच्या दारातून नाहीतर मागच्या. अशा खोलीला हॉलचाच रंग दिलास तर तिथे काजळी धरल्यासारखं होईल. पण म्हणून वेगळा रंग आणू नकोस, एकपणा मोडेल. दुकानात मशीनवर रंग काढतात ना, तिथे सांगायचं, हीच शेड पण निम्म्या ताकदीची द्या. पांढऱ्या बेसमध्ये रंगाचे थेंब निम्मे पडतात आणि तोच हिरवा उजळ होऊन येतो. डोळ्यांना घर एकच वाटतं. कंपनीच्या माहितीत प्रत्येक शेडला 'एलआरव्ही' म्हणून आकडा असतो, भिंत किती उजेड परत फेकते त्याचा. काळ्याचा 0 च्या जवळ, पांढऱ्याचा 100 च्या जवळ. मधल्या खोलीला मी 60 च्या खाली जाणार नाही. पुढच्या उजेडाच्या हॉलला 45-50 सुद्धा चालेल. छत सगळीकडे पांढरंच ठेव, तिथे हौस नको.

बाहेरच्या पश्चिमेच्या भिंतीलाही हा हिरवा ओढू नकोस. आपल्याकडचा एप्रिल-मे तुला मी काय सांगायचा. पारा चाळिशीच्या वर असताना गडद भिंत ऊन पिते आणि रात्री बारापर्यंत आत सोडत राहते. बाहेर फिका, जवळजवळ पांढराच हवा. हिरवा दाराच्या आत.

आणि हे दिवाळीच्या आत रंग उरकायचं खूळ डोक्यातून काढ. माहितीय, सगळ्यांना दिवाळीलाच घर नवं हवं असतं. पण बघ, चार महिने पाऊस पिऊन भिंती आत ओल्या असतात, तुझं घर तर नदीच्या अंगाचं. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि वर इमल्शन लावलं की ओल आत कोंडते. मग फुगे येतात, पापुद्रे सुटतात, खाली पांढरा खार फुटतो. पांढऱ्या भिंतीवर तो खार एक वेळ लपतो, हिरव्यावर लगेच ओरडतो. आणि मेमध्येही नको. उन्हाळ्यात रंग ब्रशवरच वाळायला लागतो, एका हाताची कड दुसऱ्यात मिसळत नाही, पट्टे दिसतात. दिवाळी झाली की सुरू कर, महाशिवरात्रीच्या आत संपव. केदारेश्वराच्या यात्रेला तुझ्याकडे पाहुण्यांची रांग लागते, त्यांना नवं घर दाखवायला मिळेल. झालं समाधान?

मागच्या बाजूला तू नवीन खोली काढलीस, तिचं वेगळं. सिमेंटचं प्लास्टर मुरायला 28 दिवस धरतात, पण त्यानंतरही भिंत वाळायला वेळ दे. कच्च्या प्लास्टरमधला क्षार रंग खातो. आणि सासऱ्यांच्या वेळची ती मातीची जाड भिंत आहे ना, तिला पुट्टी-इमल्शन लावूच देऊ नकोस कुणाला. तिला श्वास लागतो. तिला चुनाच दे, त्यात चुन्यात टिकणारी रंगाची पूड घालून. एवढं लक्षात ठेव, ओला चुना गडद दिसतो आणि वाळला की खूपच फिका होतो. ओला असताना घाबरून त्यात पांढरं ओतत बसायचं नाही.

दारं-खिडक्यांवरचा जुना ऑईलपेंट घासायचा असेल तर मात्र माझं ऐकायचंच, यात चर्चा नाही. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत 90 च्या वर नको, हा नियम लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून. तुझी दारं त्याच्या कितीतरी आधीची. ते कोरडं घासलं की धूळ उडते आणि रांगणारं लेकरू जमिनीवरची बोटं तोंडात घालतं. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ओलं घासायला लाव, आणि ते दिवस लेकीला घेऊन सरळ माहेरी जा. तेवढंच आईच्या हातचं खाशील. सागवानी दार असेल तर घासून झाल्यावर त्याला रंग देऊच नकोस. लाकडाचा तांबूस तपकिरी आणि हा हिरवा एकमेकांना फार छान खुलवतात, तेलपाणी केलं तरी पुरे.

कोटा फरशी बदलायची म्हणतेस? वेडी आहेस का! तिच्यात मुळात हिरवट झाक असते, तुझ्या भिंतीला आयती जोड मिळालीय. ते पैसे स्वयंपाकघरात घाल. तिथे धुता येणारं, किंचित चमकीचं इमल्शन हवं, शेड तीच. फोडणीचे तेलकट शिंतोडे बिनचमकीच्या भिंतीत मुरतात आणि हळदीचा हात तर जन्मभर राहतो. ओट्यामागे टाइल्स आहेत तशाच राहू देत, पांढऱ्या का असेनात. मांडणीवरची स्टीलची भांडी हिरव्यापुढे किती लखलखतात ते बघशीलच.

रंग किती आणायचा? पेंटरच्या अंदाजावर जाऊ नकोस. 10 बाय 12 ची खोली, 10 फूट उंच, म्हणजे भिंती झाल्या 440 चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता 400 धर. दोन हातांना लिटरमागे किती चौरस फूट जातं ते डब्यावर लिहिलेलं असतं, त्यानं भाग. आणि एका शेडचा सगळा रंग एकाच वेळी काढून आण. मशीनवरचा रंगसुद्धा दोन वेळचा कधी कधी किंचित वेगळा येतो, आणि राखाडी हिरव्यात तो फरक नेमका भिंतीच्या मधोमध कळतो. डबे आले की एका मोठ्या बादलीत एकत्र ओतून ढवळून घ्यायला लाव. पेंटर कुरकुर करेल, करू दे. डब्यावरची कोडची चिठ्ठी काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटव, आणि अर्धा लिटर बाजूला काढून घट्ट झाकून ठेव. पोरगी खडू घेऊन भिंतीशी बसायच्या वयात येतेच आहे.

पण हे सगळं नंतर. आज रात्री फक्त एक कर. प्लॅस्टिकची एक पिशवी उभी फाड आणि मधल्या खोलीत खालच्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीवर चारही कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लाव. उद्या रात्री सोडव. आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून ओली, पेंटरला पुढची तारीख दे. कोरडी निघाली तर केळीचं पान तोड आणि दुकान गाठ.