काय रंगवायचं नाही, ते आधी ठरव

पोरी, "फुल बॉडी मारून टाका मॅडम, एकदाच कटकट मिटेल," असं गॅरेजवाला म्हणाला ना? म्हणणारच. त्याला तेच सोपं पडतं. पण दाजींची ती 2008 ची लाल मारुती 800 आज विकायला काढलीस तर हाती काय येईल, ते आधी मनात मांड आणि रंगावर किती घालायचं ते त्या आकड्याकडे बघून ठरव. 2023 मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पासिंग करून घेतलं, ते 2028 पर्यंत. तेवढी वर्षं गाडी नीटनेटकी दिसली आणि पत्रा टिकला की झालं. शोरूमसारखी चकाकी आपल्याला नकोच आहे. म्हणून कुठला रंग, किती लिटर, हे सगळं नंतर. आधी काय रंगवायचं नाही ते ठरव. पैसा तिथेच वाचतो.

लाल रंगाचं दुखणं तुला दिसतंच आहे. ज्यावर ऊन थेट पडतं ते बॉनेट, टप आणि डिकीची वरची बाजू गुलाबट पांढुरकी होते. दारं उभी असतात, ती बरीच वाचतात. तर एका रविवारी गाडी स्वच्छ धू, सावलीत उभी कर आणि ऑटो पेंटच्या दुकानातून रबिंग कंपाउंडची लहान डबी आण. जुन्या बनियनचा ओलसर तुकडा घेऊन तळहाताएवढी जागा घास. कापड लाल झालं तर वर क्लिअर कोट नाही, उघडा रंगच आहे. मेलेला थर निघून खालचा चांगला रंग वर येतो आहे. कापडाला रंग लागला नाही, तर वर क्लिअर कोट आहे. तो नुसता मळकटला असेल तर पॉलिशने उजळेल. पापुद्रे सुटत असतील तर घासण्यात अर्थ नाही, तो भाग रंगवण्याच्या यादीत टाक.

माझा अंदाज असा, की चारही बाजू कंपाउंडवर निभावतील आणि रंग फक्त बॉनेटला, टपाला आणि गंजलेल्या दोन-तीन जागांना लागेल. मशीनचं बफिंग करून घेतलंस तरी चालेल, पण कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर मशीन फिरवू देऊ नको. कंपनीचे सगळे थर मिळून जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग असतो, कडेला त्याहून कमी. तिथे मशीन क्षणभर जास्त टेकलं की खालचा प्रायमर उघडा.

काळे प्लास्टिकचे बंपर रंगवायचे नाहीत. प्लास्टिकला वेगळा प्रायमर लागतो, तो स्वस्तात कुणी मारत नाही, आणि मग वर्षभरात सालं निघतात. सिरॅमिक कोटिंग, टेफ्लॉन वगैरे ऐकवतील, त्याला हसून नाही म्हण.

आता तुझ्या डोक्यात पांढरा रंग घोळतोय, हे ताईने सांगितलं मला. तो विचार सोड. रंग बदलला की दारांच्या आतल्या कडा, डिकीचं तोंड, बॉनेटखालचा भाग, सगळं बदलावं लागतं, नाहीतर दार उघडलं की आतून लाल गाडी डोकावते. या कामाला सगळ्यात जास्त हात लागतात. शिवाय काही जुने लाल रंग नव्या थरातून वर झिरपतात आणि पांढरी गाडी गुलाबी व्हायला लागते. आणि आरसीवर लाल लिहिलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार बदल आरटीओत नोंदवावा लागतो. हा सगळा उपद्व्याप कशासाठी?

गंजाच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नको. मी दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी काढली. रंग मारणाऱ्यापेक्षा त्याच्या आधी पत्रा बघणाऱ्याचा शब्द तिथे वरचढ असायचा. दारांचा खालचा काठ, चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा ट्रे, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा आणि पायाखालची मॅट उचलून तळ, या जागा टॉर्च लावून बघ. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि दार आतून बाहेर सडतं. लाकडी काडीने मोकळी कर. हा खर्च शून्य आहे आणि बाहेरच्या कुठल्याही रंगापेक्षा दाराचं आयुष्य जास्त वाढवतो.

एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून गाडीवरून फिरव. जिथे तो धरत नाही, तिथे आधीच कुणीतरी पुट्टीचा थर देऊन ठेवलाय. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पुट्टी ठीक, त्याहून जाड असेल तर खाली न ठोकलेला पोचा आहे किंवा सडका पत्रा. फुगा आलेल्या जागी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. आरपार गेला तर तिथला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंग करायचा, पुट्टीने भोक बुजवायचं नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला सांग. वरवरचा गंज असेल तर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासून त्यावर इपॉक्सी प्रायमर. आणि गाडीखाली ते काळं अंडरकोटिंग ओल्या गंजावर फासू देऊ नको. ओल आतच कोंडते आणि काम आतल्या आत चालू राहतं.

पेंटर कसा शोधायचा? त्याने काल केलेली गाडी बघू नको, काल केलेली सगळ्यांचीच छान दिसते. दोन पावसाळे काढलेली गाडी दाखव म्हण. चांगला पेंटर रस्त्यावरून जाणारी रिक्षासुद्धा बोट दाखवून "ही मी रंगवलेली" असं सांगतो. पत्र्याची शेड असली तरी हरकत नाही, बंदिस्त बूथ आणि भट्टी आपल्या बजेटमध्ये बसत नाही आणि त्यावाचून अडतही नाही. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवून सकाळी लवकर गन चालवणारा माणूस मला पुरतो.

अडतं ते मालावर. कोटेशन लिहून घे आणि त्यात टू-के पीयू रंग, हार्डनरसकट, असं स्पष्ट लिहून घे. हार्डनर मिसळलेला रंग रासायनिक क्रियेने कडक होतो, त्याला पेट्रोलचा थेंब किंवा ऊन सहज खात नाही. एनसी रंग नुसता थिनर उडून सुकतो. तो पटकन होतो, स्वस्त पडतो, म्हणून काही जण तोच मारतात आणि दोन वर्षांत तो पुन्हा फिका. ओळखायचा कसा, तर थिनरमध्ये बुडवलेलं फडकं झाकल्या जागी घासायचं. रंग विरघळून फडक्याला आला तर एनसी. ही परीक्षा रंगकामाच्या आधीसुद्धा कर. दाजींनी मधे कधी एखादा पॅनेल स्वस्तात करून घेतला असेल आणि त्यावर सरळ टू-के मारला, तर खालचा थर सुरकुततो. तिथला जुना रंग आधी काढायला लागेल.

शेड जुळवताना कोडवर विसंबू नको. गाडीवरच्या कोडप्रमाणे मिळेल तो 2008 चा कोरा लाल. आपली गाडी इतकी वर्षं उन्हात उभी होती. आधी कंपाउंड मारून घे, मग उजळलेल्या फेंडरशी शेड जुळवायला सांग. नमुना कार्डावर गनने मारून, पूर्ण सुकवून, उन्हात गाडीला लावून बघायचा. ट्यूबलाइटखाली जुळलेला लाल रस्त्यावर वेगळा निघतो. लाल रंग झाकायलाही कच्चा असतो, खालचा प्रायमर सगळीकडे एकसारखा नसेल तर डाग दिसतात, आणि एखादा हात जास्त लागतो. तो जास्तीचा हात कोटेशनमध्ये आधीच धरलाय ना, हे विचार. शेडमध्ये थोडा फरक राहिलाच, तर तो जोडावर संपू दे: बॉनेट पूर्ण, टप पूर्ण. अर्ध्या पॅनेलवर थांबलेला रंग लांबूनही डोळ्यात जातो.

मजुरी वाचवायची असेल तर तुझे स्वतःचे दोन रविवार घाल. वायपर, अँटेना, मडफ्लॅप, मारुतीची चिन्हं, निघतील ते सगळे सुटे भाग तूच काढ आणि स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत घालून वर नाव लिही. न काढता नुसती टेप लावून मारलेला रंग त्या टेपच्या कडेपासूनच सुटायला लागतो. एक मात्र काढायचं नाही: नवी एचएसआरपी नंबर प्लेट. तिचं लॉक एकदाच बसतं, काढताना तुटतं. ती झाकूनच ठेवायची. जुना रंग घासायचं कामही पेंटरला विचारून थोडं करता येईल. प्रायमरवर पाणी घालून वॉटर पेपर चालवलास तर चालतो, पण पुट्टी कोरडीच घासायची. पुट्टी पाणी पिते, ते पाणी पत्र्यापर्यंत जातं, आणि वर्षाने तिथेच फोड उठतो. गॅरेजमधली पोरं घाईत नळी सोडतात, तेवढ्यावर लक्ष ठेव.

गॅरेजला नेण्याआधी हौसेने डॅशबोर्ड-टायरचं पॉलिश मारू नको. त्यातलं सिलिकॉन पत्र्यावर उडालं तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. आणि मोबाइलवर बघून स्वतः गन चालवायचा विचार तर अजिबात नको. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो, तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. स्प्रेचे डबे टाचणीएवढ्या ओरखड्याला ठीक. पेट्रोलच्या झाकणापाशी ते टिकत नाहीत.

आता मुहूर्त. दसऱ्याच्या तोंडावर प्रत्येकाला गाडी चमकवायची असते, पेंटरही घाईत आणि हवेत ओलही. पावसाळ्यात दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक धरते, पुट्टीही ओल ओढते. दिवाळी उरकली की त्याच्याकडे गर्दी ओसरते, हवा कोरडी होते, तेव्हा जा आणि "तुमच्या सवडीने करा" असं सांग. ही सवड म्हणजेच सवलत. घासाघीस करण्यापेक्षा दिवस जास्त दिलेस तर भाव आपोआप खाली येतो, आणि प्रत्येक थराला सुकायला वेळ मिळतो तो वेगळाच. फक्त सारखं फोन करून "झाली का?" विचारायचं नाही.

पैसे टप्प्याने दे. मालाचे आधी, पत्र्याचं काम बघून थोडे, बाकीचे ताब्यात घेताना. प्रायमरवर असताना एकदा जाऊन ये; तिरक्या उजेडात पत्र्यावर नजर टाकली की लाटा दिसतात, आणि त्या सुधारायची ती शेवटची वेळ. ताबा सकाळी उन्हात घे. संध्याकाळी सहाला "घेऊन जा मॅडम" म्हणाला तर उद्या येते म्हण.

पुढचा महिनाभर मेण-पॉलिश नाही, कव्हर नाही, नुसत्या पाण्याने धुवायची. पक्ष्यांची घाण त्याच दिवशी पुसायची, आणि सोसायटीतल्या त्या चिंचेखाली गाडी लावायची नाही. उरलेला रंग, हार्डनर न घातलेला, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत मागून घे. त्यावर दुकानाचं नाव, शेडचं मिश्रण आणि तारीख लिहून चिकटव. पार्किंगमध्ये कुणी दार आपटलं की काडीच्या टोकाने एक ठिपका द्यायचा, गॅरेजला जायचं काम नाही.