सामाईक बाग आणि पाण्याची पाळी

शास्त्रभाग : उत्पत्ति १३:१-१२; लेवीय १९:९-१०

मंडळीच्या आवारातील पडीक जागेत आम्ही बारा कुटुंबांनी भाजीपाला लावला. पहिल्या वर्षी एकही नियम केला नाही. आपण सारी एकाच घरची माणसे, आपल्यात कागद कशाला, असे आम्हीच म्हणालो होतो. मार्च लागला, विहीर खोल गेली. विहिरीजवळचे वाफे हिरवेगार राहिले. शेवटचा वाफा एका विधवा भगिनीचा होता. पाटाचे पाणी तिथवर पोहोचतच नसे. तिने तक्रार केली नाही. एके दिवशी ती यायचीच बंद झाली. पुढे उपासनेतही तिची जागा रिकामी दिसू लागली, तेव्हा आमचे डोळे उघडले.

नियम म्हणजे प्रेम आटल्याची खूण, असा आमचा समज होता. तो चुकीचा ठरला. जेथे नियम नसतो, तेथे विहिरीजवळच्या माणसाची मर्जी हाच नियम होतो.

अब्राम व लोट हे चुलते-पुतणे. तरी जमीन अपुरी पडताच त्यांच्या गुराख्यांत भांडण लागले. अब्रामाने ते झाकून ठेवले नाही. त्याने वाटणीची गोष्ट उघड बोलून दाखविली, आणि वडीलकीचा मान स्वतःकडे असूनही पहिली निवड पुतण्याला दिली.

धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वी फड पद्धती उभी राहिली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडीत, तेच फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी पाटकऱ्याने द्यायचे. बहुतेकांची जमीन थोडीथोडी प्रत्येक फडात असे. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी ती झळ एकट्यादुकट्याला न लागता सर्वांना लागे. टंचाईसुद्धा वाटून घेणे, हे त्या व्यवस्थेचे मर्म होय.

यावरून आम्ही पुढील गोष्टी ठरविल्या :

१. दोरी धरून वाफे सारखे मोजले, खुंट्या ठोकल्या व चिठ्ठ्या टाकून वाटप केले.

२. प्रत्येकाचा पाण्याचा वार ठरविला. उन्हाळ्यात पाळी शेवटच्या वाफ्यापासून सुरू होते.

३. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर्वांनी मिळून पाट काढायचा व कुंपण नीट करायचे. आजारी व वृद्ध यांचे काम इतरांनी उचलायचे.

४. वर्गणी व पाळ्या यांची वही ठेवली. ती सांभाळणारे दोघे दरवर्षी बदलतात.

५. वाफा ओस दिसला तर प्रथम घरी जाऊन विचारपूस करायची. वाफा दुसऱ्याला देण्याचा विचार त्यानंतर.

६. लेवीय १९ मध्ये शेताचे कोपरे गरिबांसाठी राखण्यास सांगितले आहे. म्हणून एक वाफा गरजूंसाठी ठेवला.

आम्ही त्या भगिनीच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ती लगेच आली नाही. पावसाळा लागला तेव्हा मेथीचे बी घेऊन आली, आणि वहीत आपला वार कोणता लिहिला आहे, हे तिने आधी पाहून घेतले. आम्हांला त्याचे वाईट वाटले नाही. विश्वास पुन्हा रुजायला वेळ लागतो.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत शेवटचा वाफा कोणाचा आहे?
२. तेथवर पाणी पोहोचते की नाही, हे आपण शेवटचे केव्हा पाहिले?